फाईल ब्लॉकचेनवर गेली म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या अंकात आभा कार्डाबद्दल (सरकारी आरोग्य ओळख-नंबराचं कार्ड) चार ओळी छापल्या आणि पत्रांचा ढीगच लागला. त्यातली बरीचशी पत्रं आभावर नाहीत, ब्लॉकचेनवर आहेत. सध्या सॉफ्टवेअरवाले दवाखान्या-दवाखान्यांत फिरून हाच एक शब्द विकून राहिले आहेत असं दिसतं. म्हणून यावेळी दुसरे विषय बाजूला. पत्रं थोडी कापली, नावं काढली, भाषा तुमचीच ठेवली.

बाबांना किडनीचा त्रास आहे. आधी धंतोलीत दाखवलं, मग मेडिकलला (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज), आता मिहानच्या एम्समध्ये चालू आहे. प्रत्येक ठिकाणी नवीन फाईल अन् त्याच तपासण्या परत. घरी रिपोर्टांची अख्खी थैली झाली. आता एका खाजगी हॉस्पिटलच्या काउंटरवर सांगितलं की आमच्याकडे सगळं ब्लॉकचेनवर आहे, कोणाचा बाप हॅक करू शकत नाही, अन् कुठल्याही हॉस्पिटलात उघडते. खरं आहे का जी?
— मानेवाडा

भाऊ, त्यांनी एका दमात तीन दावे केले. त्यातला ब्लॉकचेनचा म्हणावा असा एकच, आणि तोही अर्धाच खरा.

'सगळं ब्लॉकचेनवर आहे' हे घ्या आधी. बाबांचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, सोनोग्राफीचे फोटो, डिस्चार्ज कार्ड यातलं काहीही ब्लॉकचेनवर नसतं, आणि कोणी खरंच तिथे टाकलं असेल तर त्या हॉस्पिटलपासून लांबच राहा. ब्लॉकचेन म्हणजे एकच नोंदवही, तिची सारखी प्रत अनेक कॉम्प्युटरवर, नवीन नोंद आली की सगळ्यांकडे लिहिली जाणार. आता एक सीटी स्कॅन शेकडो एमबीचा असतो आणि बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या साखळीत साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे नोंदींचा गठ्ठा, जोडला जातो तो एखाद-दोन एमबीचा, फार तर चार. म्हणजे जागेचा हिशोबच जमत नाही. आणि खाजगी माहितीच्या पन्नास प्रती पन्नास ठिकाणी करून ठेवायला सांगितलं कोणी?

मग साखळीवर जातं काय, तर रिपोर्टचा ठसा. त्याला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ नावाची गणिती पद्धत आहे, तिच्यात कुठलीही फाईल घाला, एक पानाची असो की हजार पानांची, बाहेर ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ येते. फाईल तीच असेल तर ओळ तीच. रिपोर्टात १.४ चं १.५ केलं, एवढंच, तरी अख्खी ओळ बदलते. आणि त्या ओळीवरून मूळ रिपोर्ट परत बनवता येत नाही. ही ओळ, तारीख-वेळ, आणि आधीच्या ब्लॉकचा ठसा असं सगळं एकमेकांत गुंफून ठेवतात, म्हणून मधलीच एखादी जुनी नोंद बदलली की पुढचं सगळं जुळेनासं होतं. ही आयडिया बिटकॉइनच्या कितीतरी आधीची आहे बरं का, हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये डिजिटल कागदावर खोटी तारीख टाकता येऊ नये म्हणून मांडली होती. बिटकॉइनचा पेपर आला २००८ मध्ये. तलाठ्याकडची फेरफार नोंदवही आठवा, चूक झाली तर जुनी नोंद खोडत नाहीत, नवीन फेरफार घेतात, तसंच हे. फक्त इथे वही एका तलाठ्याकडे नाही, सगळ्या संबंधितांकडे एकेक प्रत.

आता 'कोणी हॅक करू शकत नाही'. ठशाला कोणी गुपचूप हात लावू शकत नाही हे बरोबर, पण रिपोर्ट स्वतः त्या हॉस्पिटलच्याच सर्व्हरवर पडलेला आहे ना! त्याचा पासवर्ड मॉनिटरला चिठ्ठीवर चिकटवला असेल तर तो चोरीला जायचा तसाच जाणार. साखळी चोरी थांबवत नाही, गुपचूप केलेली बदलाबदल उघडी पाडते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारे त्या मुद्दाम एकत्र करतात, माझा राग आहे तो यावर.

आणि 'कुठेही उघडते' याचा तर ब्लॉकचेनशी काही संबंधच नाही. दोन हॉस्पिटलांची सॉफ्टवेअरं एकाच पद्धतीने माहिती लिहीत असतील (सध्या त्यासाठी फायर नावाचं स्टँडर्ड चालतं) आणि दोघांची द्यायची-घ्यायची तयारी असेल तरच उघडते. तुमच्या बाबांसाठी आज उपयोगाचं सांगतो: आभा नंबर काढा, प्रत्येक ठिकाणी नोंदणी करतानाच तो द्या आणि 'रेकॉर्ड आभाला लिंक करा' असं तोंडाने सांगा, कारण न सांगता बरेचदा होत नाही. थैली मात्र फेकू नका, प्रत्येक रिपोर्टचा नीट स्कॅन काढून तारखेप्रमाणे ठेवा. राहिला प्रश्न परत-परत तपासण्यांचा. क्रिएटिनिन बदलत राहतं, ते डॉक्टर परत करणारच आणि केलंच पाहिजे. पण 'बाहेरच्या लॅबवर आमचा भरोसा नाही' म्हणून जे परत करतात, तिथे ठसा थोडाफार कामाचा आहे, रिपोर्ट त्याच लॅबने दिला आणि नंतर कोणी छेडला नाही एवढं तरी सिद्ध होतं. लॅबने तपासणी नीट केली की नाही हे त्यालाही कळत नाही.

आईच्या ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली. केसपेपरची झेरॉक्स मागितली तर आज या, उद्या या. शेवटी मिळाली तेव्हा काही नोंदींची शाई अन् अक्षर वेगळंच दिसून राहिलं. हॉस्पिटलचं रेकॉर्ड ब्लॉकचेनवर असतं तर हे झालं असतं का? अन् आता आम्ही काय करावं?
— जरीपटका

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते जास्त गरजेचं आहे.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे जे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की भरती असलेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचं, आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितलं की मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. त्यामुळे तोंडी मागत बसू नका. लेखी अर्ज, वर तारीख, दुसऱ्या प्रतीवर पोच. मिळालेल्या झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर हॉस्पिटलचा शिक्का आणि तारीख मागा. दिलं नाही तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते आणि भरपाईचा विषय असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे साधारण दोन वर्षांची मुदत असते, तेवढी हातची घालवू नका. एखादा चांगला वकील आधी गाठा. आणि हो, वेगळी शाई म्हणजे खोटी नोंद असं लगेच धरू नका, रात्रपाळीची सिस्टर बदलली की पेनही बदलतो. उशिरा नोंद करणं हाही गुन्हा नाही, 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून, वेळ टाकून केली तर. लपवून मागच्या तारखेने केली तर मात्र विषय वेगळा.

आता ब्लॉकचेन. या एका ठिकाणी मी तिच्या बाजूने आहे, अगदी मनापासून. आज बऱ्याच हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याचा लॉग असतो, पण तो लॉग हॉस्पिटलच्याच अॅडमिनच्या हातात असतो, म्हणजे भांडण ज्याच्याशी आहे त्याच्याच कपाटात पुरावा. समजा रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींचा एकच एकत्र ठसा बाहेरच्या साखळीवर गेला, जिच्या प्रती दुसऱ्या हॉस्पिटलांकडे, विमा कंपनीकडे, एखाद्या सरकारी संस्थेकडे आहेत. मग सहा महिन्यांनी कोणी ऑपरेशनच्या रात्रीची नोंद 'सुधारली' तर ठसा जुळणार नाही आणि कोर्टात विचारता येईल की बाबा, हा कागद त्या रात्रीचा नाही तर मग कधीचा? पेशंटचं नाव नाही, आजार नाही, काहीच बाहेर जात नाही, फक्त ६४ अक्षरं. खर्चही फार नाही.

पण त्या रात्री बीपी न मोजताच १२०/८० लिहिलं असेल तर तेही साखळीवर तसंच पक्कं बसणार. खोटं लिहिलेलं खरं होत नाही, फक्त ते बदलता येत नाही.

मी उमरेडजवळच्या गावातली. शाळेत तपासणी झाली तेव्हा माझा सिकलसेल 'एएस' निघाला, कार्ड मिळालं. आता घरी लग्नाच्या गोष्टी चालू आहेत. मैत्रीण म्हणते आता हे सगळं कॉम्प्युटरवर चढवून राहिले आणि ब्लॉकचेनवर गेलं की जन्मभर पुसता येत नाही. मग कोणालाही दिसेल का? मला झोप नाही लागत.
— नाव-गाव छापू नये ही विनंती (तालुका चालेल)

आधी झोपेचं. एएस म्हणजे तू आजारी नाहीस. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तू वाहक आहेस, तुझ्यात एक जीन सिकलचा आणि एक साधा आहे, बहुतेक वाहक सगळं आयुष्य नॉर्मल जगतात. अडचण तेव्हा, जेव्हा होणारा नवराही एएस असेल, मग प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस म्हणजे खरोखर आजारी असण्याची शक्यता चारात एक. त्याचं एए, म्हणजे दोन्ही जीन साधे, असेल तर एसएस बाळ होतच नाही. म्हणून त्याचीही तपासणी करून घे. आपल्याकडे मुलीच्या कार्डावर सगळ्यांची नजर आणि मुलाला कोणी सुई टोचत नाही, हे गणितातच बसत नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने पक्कं करतात. नुसत्या पहिल्या टेस्टवर कोणी काही ठरवत असेल तर थांबवा.

आता कॉम्प्युटरचं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं टार्गेट आहे. एवढ्या लोकांची नोंद कागदावर होऊ शकत नाही, ती कॉम्प्युटरवरच होणार. पण कॉम्प्युटरवर म्हणजे ब्लॉकचेनवर असं नाही, मैत्रिणीने दोन गोष्टींची भेळ केली.

आणि तिची भीती तत्त्वतः मात्र एकदम बरोबर आहे! न पुसता येणं हा गुण जमिनीच्या व्यवहाराला चांगला, रक्ताच्या रिपोर्टला नाही. २०२३ चा जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्यात आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि काही अटींवर पुसून घ्यायचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. जी गोष्ट पुसताच येत नाही तिच्यावर पुसायचा हक्क कसा चालवणार? त्यामुळे अक्कल असलेला कोणीही माणूस तुझा 'एएस' साखळीवर लिहिणार नाही.

यात अजून एक गंमत आहे, जी सॉफ्टवेअरवाले पण विसरतात. वर मी म्हटलं की ठशावरून मूळ माहिती निघत नाही. ते मोठ्या रिपोर्टसाठी खरं. पण सिकलचे निकाल असून असून किती? एए, एएस, एसएस, आणि एखाद-दोन प्रकार. कोणी नुसता 'आभा नंबर अधिक निकाल' याचा ठसा साखळीवर टाकला आणि तुझ्या कार्डाचा फोटो कुठे फिरला असेल तर कोणीही घरबसल्या चार-पाच ठसे काढून बघेल की कोणता जुळतो, आणि झालं, निकाल कळला. म्हणून ठसा काढण्याआधी त्यात एक लांबलचक गुप्त आकडा मिसळावा लागतो, सॉल्ट म्हणतात त्याला, आणि तो आकडा साखळीच्या बाहेर ठेवावा लागतो. मग पुसायची वेळ आली तर मूळ रिपोर्ट आणि तो गुप्त आकडा दोन्ही नष्ट करायचे, उरलेल्या ६४ अक्षरांतून कोणाला काही काढता येत नाही.

तू एवढंच कर, कार्डाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणालाही टाकू देऊ नको, आईलाही नाही. आजवर जी माहिती फुटली ती बहुतेक अशीच फुटली. मुलाला सांगायचं तेव्हा तूच सांग, आणि दोघं मिळून एकदा समुपदेशकाकडे जाऊन या, जिल्हा रुग्णालयात विचार.

रामदासपेठेत आमचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे. एक कंपनी ब्लॉकचेनवालं ईएचआर (पेशंटच्या रेकॉर्डचं सॉफ्टवेअर) विकायला आली आहे, साध्यापेक्षा जवळपास दुप्पट किंमत. रॅन्समवेअरपासून शंभर टक्के संरक्षण म्हणतात. घ्यावं का?
— एक सर्जन

डॉक्टरसाहेब, त्यांना एकच प्रश्न विचारा: साखळीचे नोड, म्हणजे वहीची प्रत ठेवणारे कॉम्प्युटर, कोणाकोणाकडे आहेत? 'आमच्याच क्लाऊडवर चार नोड आहेत' असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा. चारही प्रती एकाच मालकाच्या असतील तर तो चारही बदलू शकतो, मग ती ब्लॉकचेन कसली, ती महागडी आणि हळू चालणारी डेटाबेस. ज्यांचा एकमेकांवर पूर्ण भरोसा नाही अशा पार्ट्या एकाच वहीत लिहितात तेव्हाच या भानगडीचा उपयोग. तुम्ही, तुमच्या समोरची लॅब, विमा कंपनी, पलीकडच्या गल्लीतलं प्रतिस्पर्धी हॉस्पिटल, असे सगळे एकत्र येऊन प्रत्येकाने आपापला नोड चालवला तर अर्थ आहे, त्यासाठी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचं हायपरलेजर फॅब्रिक वगैरे परवानगीवाल्या साखळ्या आहेत, जिथे कोणीही उठून आत येऊ शकत नाही आणि बिटकॉइनसारखी वीज जळत नाही. धंतोली-रामदासपेठेत एवढे दवाखाने खेटून आहेत की खरं तर असं काही इथेच व्हायला पाहिजे. पण पार्किंगवर एकमत होत नाही तिथे नोडवर कधी होणार, देव जाणे.

रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, दावा तर सरळ सरळ थाप आहे. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित, जवळपास १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला, कितीतरी दिवस ओपीडी आणि तपासण्या कागदावर चालवाव्या लागल्या. शेवटी ई-हॉस्पिटल या सॉफ्टवेअरचा डेटा परत कशामुळे आला? हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. तुमच्या रिपोर्टांवर कोणी कुलूप लावलं तर साखळी फक्त एवढंच सांगेल की पूर्वी इथे एक रिपोर्ट होता आणि त्याचा ठसा हा असा होता. रिपोर्ट आणून देणार नाही. म्हणून ते जास्तीचे पैसे बॅकअपला लावा, एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली ठेवा, आणि अधूनमधून ती परत चढवून बघा, कारण न तपासलेला बॅकअप ऐन वेळी उघडत नाही हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव.

सॉफ्टवेअर घेताना आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणी झाली आहे का ते बघा, त्यांचे एम-वन, एम-टू, एम-थ्री असे टप्पे असतात: आभा काढणं-तपासणं, तुमचं रेकॉर्ड पुढे देणं, दुसऱ्याचं मागवणं. तिन्ही पाहिजेत. उद्या कंपनी बंद पडली तर सगळा डेटा फायर फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येईल का हे करारात लिहून घ्या. आणि सगळ्या सिस्टरांचं एकच लॉगिन असतं ना, ते आजच बंद करा. नाहीतर जगातली सर्वात पक्की साखळी सुद्धा अजरामर पुरावा देईल की तुमच्याकडे चोवीस तास, बाराही महिने 'सिस्टर-१' एकटीच ड्युटी करते. वर सांगितलेल्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात माहितीची सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, तुमच्यावर तेवढा कोणी लावणार नाही, पण आकडा मॅनेजरला ऐकवायला बरा आहे.

आभा कार्ड ब्लॉकचेनवर चालते का? माझा सगळा इतिहास दिल्लीत जमा होतो काय? मी सत्तरीचा आहे, मोबाईल नातू पाहतो.
— महाल

नाही काकाजी, आभा ब्लॉकचेनवर नाही. तुमचा १४ आकडी नंबर हा फक्त ओळखीचा धागा आहे, रेकॉर्ड ज्या दवाखान्यात झालं तिथेच राहतं, दिल्लीत गठ्ठा होत नाही. दुसऱ्या डॉक्टरला पाहिजे असलं की ते मागणी पाठवतात, तुमच्या मोबाईलवर विचारणा येते, त्यात कुठल्या दवाखान्याचं, कोणत्या तारखांमधलं, किती दिवसांसाठी द्यायचं हे तुम्ही ठरवता आणि दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते. योजना ऐच्छिक आहे. आता खरी गोम सांगू का, तुमची संमती म्हणजे प्रत्यक्षात नातवाचा अंगठा आहे. त्याला शेजारी बसवा आणि काय मागितलं आहे ते मोठ्याने वाचायला लावा, मग 'हो' दाबू द्या. ओटीपी फोनवर कोणालाच सांगायचा नाही, मग तो एम्समधून बोलतो म्हणो की मंत्रालयातून.

फायनल इयरला आहे, ग्रुपने प्रोजेक्ट घेतला: ब्लॉकचेनवर हेल्थ रेकॉर्ड शेअरिंग. गाईड म्हणतात नवीन काय आहे यात. कुठून सुरुवात करू? अन् मेडिकलमधून पेशंटचा डेटा मिळवायचा जुगाड चालू आहे, चालेल ना?
— हिंगणा रोड

जुगाड आजच्या आज बंद. खऱ्या पेशंटचा डेटा लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीशिवाय पेनड्राइव्हवर आणणं म्हणजे ज्याच्यावर प्रोजेक्ट करता तेच पायदळी तुडवणं. कृत्रिम डेटा बनवून देणारी मोफत टूल्स आहेत, सिंथिया नावाचं बघा.

वाचायला सुरुवात मेडरेकपासून करा, एमआयटी मीडिया लॅबचं २०१६ चं काम, इथेरियम नावाच्या साखळीवर. त्यात रेकॉर्ड हॉस्पिटलमध्येच ठेवलं होतं, साखळीवर फक्त पत्ता आणि परवानगी. मग एस्टोनिया. तेरा-साडेतेरा लाखांचा देश, म्हणजे आपल्या नागपूरपेक्षाही लहान, २००८ पासून देशभराचं आरोग्य रेकॉर्ड ऑनलाइन, आणि २०१६ मध्ये गार्डटाइम या कंपनीसोबत त्याच्या रक्षणासाठी साखळीचं तंत्र लावायचं ठरलं. तिथेही रेकॉर्ड साखळीवर नाही, नोंदींचे ठसे. पण मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच आहे, तिथला माणूस आपल्या ओळखपत्राने लॉगिन करून बघू शकतो की माझी फाईल कोणत्या डॉक्टरने उघडली. शेजारच्या नर्सने उगाच डोकावलं तर दिसतं. तुम्ही तेच करा ना, मराठीत, सत्तरीच्या माणसाला कळेल अशा स्क्रीनवर, 'तुमची फाईल काल कोणी उघडली'. गाईडला नवीन पाहिजे ना, हे घ्या नवीन.

आपल्या शेजारचं उदाहरण पण आहे, गडचिरोलीतल्या एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन साखळीवर नोंदवायचं काम हाती घेतलं, ६५ हजार दाखले. दाखला एकदा दिला की बदलत नाही, तपासणाऱ्याला फक्त खरा की खोटा बघायचं असतं, त्यामुळे तिथे हे छान बसतं. आरोग्याची फाईल मात्र दर आठवड्याला वाढते, दुरुस्त होते, आणि अर्धी माहिती लपवायची पण असते. हा फरक रिपोर्टमध्ये लिहा, बाहेरचे परीक्षक खूश होतील.

आणि दोन अवघड प्रश्न सोडवल्याशिवाय डेमो देऊ नका. पेशंटची खाजगी की, म्हणजे रेकॉर्ड उघडायची गुप्त डिजिटल किल्ली, हरवली तर? बिटकॉइनची की हरवली तर पैसे जातात, इथे माणसाची ॲलर्जीची नोंदच कुलपात राहील. आणि वर्धा रोडवर अपघात झाला, पेशंट बेशुद्ध, संमती कोण देणार? आपत्कालीन उघडणं ठेवावंच लागतं, पण प्रत्येक उघडण्याची न पुसता येणारी नोंद व्हावी आणि शुद्धीवर आल्यावर पेशंटला ती दिसावी. साखळीचं खरं काम तिथे आहे.

काटोलला एक जण घरोघरी फिरून राहिला, म्हणते हेल्थ रेकॉर्ड ब्लॉकचेनवर ठेवायला आधी कॉइन विकत घ्या, नंतर भाव वाढते, आभा नंबर अन् आधारची झेरॉक्स पण मागते. आमच्या वहिनीने पैसे देऊन टाकले.
— काटोल

फसवणूक आहे, अगदी साधी. आभा फुकट मिळतो, रेकॉर्डसाठी कुठलंही कॉइन घ्यावं लागत नाही. वहिनींना सांगा आत्ताच १९३० ला फोन लावा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. ऑनलाइन दिले असतील तर बँकेलाही लगेच कळवा. आधारची झेरॉक्स दिली असेल तर आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आणि तो माणूस परत आला तर त्याच्या गाडीचा नंबर लिहून घ्या, पोलीस आधी तोच विचारतील.